सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे, पुढे काय? ‘इतर हक्का’पासून 32-म प्रमाणपत्रापर्यंत

आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकलं होतं: "आपलं नाव सातबाऱ्यावर आहे, आपल्याला कोण हलवणार?" नाव खरंच होतं. पण ते ‘इतर हक्क’ या रकान्यात होतं, आणि वर भोगवटादार, म्हणजे मालक, म्हणून मुंबईला राहणाऱ्या एका बाईंचं नाव होतं. आजोबांनी ती 32 गुंठ्यांची भातजमीन उभा जन्म कसली, त्यांच्यानंतर वडिलांनी कसली. दोघांचीही समजूत होती की कूळ कायदा आला आणि जमीन आपली झाली.

ही समजूत अर्धीच खरी आहे. कायद्याने बहुतेक कुळं 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कृषक दिनी, जमिनीची खरेदीदार मानली गेली. पण मानलं जाणं वेगळं, आणि किंमत ठरून, ती भरून, हातात कलम 32-म चं खरेदी प्रमाणपत्र येणं वेगळं. या दोन टोकांच्या मधे हजारो कुटुंबं अजून अडकलेली आहेत. आम्हाला हे उमगलं ते बाईंच्या वारसांनी जमीन विकायला काढल्यावर. त्यानंतर दहा वर्षं तहसील, प्रांत आणि न्यायाधिकरण अशा फेऱ्या झाल्या. त्यातून जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. रायगड जिल्ह्यातला अनुभव आहे, त्यामुळे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल.

1. आपल्याला कोणता कायदा लागू आहे ते आधी पाहा

कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशात 1948 चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम चालतो. आता त्याचं नाव ‘महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ असं झालं आहे, पण जुन्या कागदांवर ‘मुंबई’च दिसेल. दोन्ही एकच. विदर्भाला 1958 चा वेगळा कायदा आहे आणि मराठवाड्याला हैदराबाद संस्थानच्या काळातला 1950 चा. कलमांचे आकडे आणि तारखा तिन्हीकडे वेगळ्या आहेत. गोव्यात 1964 चा कायदा आहे आणि तिथला कृषक दिन 20 एप्रिल 1976. यवतमाळचे एक गृहस्थ आमच्या अर्जाची नक्कल घेऊन गेले होते, त्यांना कलमं बदलून सगळा अर्ज नव्याने लिहावा लागला. ते कष्ट वाचवा. खाली दिलेली कलमं 1948 च्या कायद्यातली आहेत.

2. आपण कायद्याच्या नजरेत कूळ आहोत का?

कलम 4 सांगतं की दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो कूळ मानला जातो. मात्र तो मालकाच्या कुटुंबातला नसावा, मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर किंवा पगारी गडी नसावा, आणि जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा नसावा. खंड, म्हणजे जमीन कसण्याचा मोबदला, रोख द्या, भाताच्या मणांत द्या की अर्धेलीने पिकाचा वाटा द्या, तिन्ही चालतात. लेखी करार असलाच पाहिजे असं नाही. म्हणूनच आजोबांसारख्या अंगठा लावणाऱ्या माणसालाही हा कायदा उपयोगी पडला.

‘कायदेशीरपणे’ हा शब्द मात्र हलका समजू नका. "पडीक होती म्हणून आम्ही कसायला लागलो" एवढं सांगून कूळ होता येत नाही. मालकाच्या संमतीने कसत होतो आणि त्याला खंड देत होतो, हे दाखवावं लागतं.

तुमची कुळवहिवाट 1957 नंतर सुरू झाली असेल तर कलम 32-ओ पाहा. तिथे वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षात खरेदीचा हक्क बजावावा लागतो. आणि जमीन देवस्थानाची किंवा नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची असेल आणि न्यासाकडे कलम 88-ब चं प्रमाणपत्र असेल, तर खरेदीचा हक्क मिळत नाही. कूळ म्हणून संरक्षण आणि वारसांची नोंद मात्र मिळते. देवस्थानच्या जमिनीत "मालक करून देतो" म्हणत पैसे मागणारे दलाल फिरत असतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

3. कागद जमवा, अर्जाची घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आम्ही आधी अर्ज केला आणि मग कागद शोधत बसलो, त्यात दोन वर्षं गेली.

यादी अशी:

- आजचा सातबारा, आणि त्याआधीचे सगळे, निदान 1950 पासूनचे हस्तलिखित सातबारे
- त्या गटाचे (आणि जुन्या सर्व्हे नंबरचे) सगळे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी (गाव नमुना 6 च्या नकला)
- गाव नमुना 7-अ. कुळाचं नाव आणि खंड याच नोंदवहीत असतो. बहुतेक जण तो मागतच नाहीत
- 8-अचा उतारा, म्हणजे खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा
- गट पाडताना जुना नंबर बदलला असेल तर जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता
- खंडाच्या पावत्या, मनीऑर्डरच्या पावत्या, मालकाची पत्रं
- मूळ कुळापासून आजपर्यंतची वंशावळ, मृत्यूचे दाखले, वारस फेरफार
- 32-ग चं, म्हणजे जमिनीची किंमत ठरवण्याचं, जुनं प्रकरण कधी चाललं असेल तर त्याची पूर्ण फाईल

हे सगळं प्रमाणित नकलेच्या स्वरूपात हवं. काही तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत, शोधायला ते बरं पडतं. बाकी सगळं तहसीलच्या अभिलेख कक्षात. नक्कल अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, आणि पोच मिळाल्याशिवाय टेबल सोडू नका. आम्हाला एका कार्यालयात तीनदा तोंडी सांगितलं, "फाईल सापडत नाही." मग माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि फाईल सापडली. "सापडत नाही" हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

एक गोष्ट बारकाईने तपासा. सातबाऱ्याचं पुनर्लेखन होताना, आणि पुढे संगणकीकरण होताना, इतर हक्कातली कुळांची नावं काही ठिकाणी गळली. आमच्याच वाडीत दोन घरांची गळली आहेत. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव आहे, नव्यावर नाही, आणि मधे ते कमी केल्याचा एकही फेरफार नाही, असं दिसलं तर ती लेखनातली चूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. फेरफार असेल तर मात्र तो वाचा, कोणत्या आदेशाने नाव कमी केलं ते पाहा, आणि त्या आदेशाविरुद्ध अपील करायचं की काय ते वकिलाशी बोलून ठरवा.

पावत्यांबद्दल थोडं सांगतो. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तारेला टोचलेल्या खंडाच्या पावत्या होत्या, वरून खाली पन्नासएक. मालकीणबाईंच्या कारकुनाचं अक्षर, निळी शाई, ‘भात मण’ आणि पुढे आकडा. तारेचं भोक काही पावत्यांवर नेमकं सर्व्हे नंबरावर पडलेलं. वडील त्या फेकून द्यायला निघाले होते. पुढे सुनावणीत समोरचे वकील म्हणाले की हे लोक मजूर होते. तेव्हा याच पावत्या कामाला आल्या, कारण मजूर मालकाला खंड देत नसतो. पावत्या तारेवरून हळू काढा, तारखेप्रमाणे लावा, प्रत्येकीची छायाप्रत करा. लॅमिनेशन करू नका, मूळ कागद तपासायची वेळ आली तर अडचण होते.

4. 1 एप्रिल 1957 रोजी मालक कोण होता, हे शोधा

आमच्या सगळ्या प्रकरणाची मेख इथे होती आणि आम्हाला ती पाच वर्षं कळली नाही.

त्या दिवशी मालक साधा, सज्ञान माणूस असेल, तर कूळ त्याच दिवशी खरेदीदार मानलं गेलं. पण मालक अज्ञान (वयाने लहान) असेल, विधवा असेल, किंवा मानसिक वा शारीरिक दृष्ट्या अपंग असेल, तर कलम 32-फ प्रमाणे खरेदी पुढे ढकलली जाते. अज्ञान मालक सज्ञान झाला, किंवा विधवेचा जमिनीतला हक्क संपला, की मालकाच्या बाजूला जमीन परत मागायला एक वर्ष मिळतं. त्यानंतरच्या एका वर्षात कुळाने "मी जमीन घेतो" असं मालकाला आणि न्यायाधिकरणाला (म्हणजे तहसीलदारांना) कळवायचं असतं.

आमच्या मालकीणबाई विधवा होत्या. साठच्या दशकात 32-ग ची चौकशी सुरू झाली आणि "मालक विधवा, सबब कामकाज स्थगित" असा शेरा मारून बंद झाली. आजोबांना त्यातलं एवढंच कळलं की काम झालं. बाई 1983 मध्ये मुंबईत वारल्या. गावात कोणाला पत्ता नाही. वडिलांनी कोणालाही काही कळवलं नाही, कारण कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं. पुढे आम्ही अर्ज केला तेव्हा तो याच मुद्द्यावर फेटाळला गेला: मुदत गेली, हक्क गेला.

तुमचं प्रकरण असं असेल तर 18 सप्टेंबर 2019 चा सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल वकिलांना काढायला सांगा. विधवा मालकिणीचा हक्क संपल्यावर तिच्या वारसांनी कुळाला तसं कळवलं पाहिजे, म्हणजे कुळाला आपला हक्क बजावता येईल, असं त्यात म्हटलं आहे. ज्याला कळवलंच नाही त्याने मुदत पाळली नाही म्हणून त्याचा हक्क बुडवता येत नाही. आधीचे उलट निकाल या निकालाने बाजूला सारले. आमचं प्रकरण यावरच उभं राहिलं. मुदत गेली म्हणून जे लोक घरी बसले आहेत, त्यांच्यापर्यंत हा निकाल पोहोचावा असं मला फार वाटतं.

म्हणून मालकाच्या बाजूचेही कागद काढा: मालकाच्या मृत्यूची तारीख, वारस फेरफार, आणि त्या फेरफाराची नोटीस तुम्हाला बजावली होती का ते.

5. ताबा सोडू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका

प्रकरण चालू असो वा नसो, हे पाळा. कूळ हक्क सोडायचा तर कलम 15 प्रमाणे तो लेखी हवा, आणि तहसीलदाराने कुळाला समोर बोलावून खातरजमा केलेली हवी. गावच्या पारावर लिहून घेतलेला ‘राजीनामा’ किंवा शंभरच्या स्टॅम्पवरची ‘ताबा पावती’ एवढ्याने हक्क जात नाही. पण असा कागद एकदा झाला की तो पुढे दहा वर्षं तुमच्याविरुद्ध फिरवला जातो. "थोडे पैसे घ्या आणि सही करा" म्हणणारा माणूस घरी आला की सही करू नका, कागदाचा फोटो तेवढा काढून ठेवा.

मालकाला तहसीलदाराच्या आदेशाशिवाय कुळाकडून ताबा घेता येत नाही. जबरदस्तीने काढलं, तर कलम 29 खाली दोन वर्षांच्या आत ताबा परत मागण्याचा अर्ज करा. ही दोन वर्षं वाटाघाटीत घालवू नका.

तुमच्या बाजूनेही चूक नको. जमीन तिसऱ्याला पोटखंडाने देणं, पडीक टाकणं, वीटभट्टीला देणं, खंड थकवणं, ही कुळवहिवाट संपवण्याची कारणं ठरतात. मुलं मुंबई-पुण्याला गेली आणि शेत शेजाऱ्याला "करून खा" म्हणून दिलं, असं कोकणात सर्रास होतं. पीक पाहणीत मग शेजाऱ्याचं नाव लागतं. दरवर्षी ई-पीक पाहणीच्या वेळी पिकाची नोंद नीट होते ना ते पाहा आणि त्याचा उतारा काढून ठेवा.

मालकाने जमीन विकली असं कळलं, तर फेरफाराची नोटीस निघाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. तोंडी हरकतीला अर्थ नाही.

6. अर्ज कोणता करायचा: 70-ब की 32-ग?

कूळ म्हणून नोंद आहे आणि मालक ती नाकारत नाही, तर थेट कलम 32-ग खाली किंमत ठरवण्याचा अर्ज करा. नोंदच नाही, किंवा मालक कूळ मानायला तयार नाही, तर आधी कलम 70-ब खाली "अर्जदार कूळ आहे" हे ठरवून घ्या आणि मग 32-ग कडे जा. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात. 32-ग ऐकताना तेच ‘शेतजमीन न्यायाधिकरण’ असतात. हे नाव वाचून वडील तालुक्याच्या गावी वेगळं ऑफिस शोधत फिरले होते.

दिवाणी न्यायालयात जाऊ नका. कोण कूळ, कोण नाही, हे ठरवण्याचा अधिकार कलम 85 ने दिवाणी न्यायालयाला ठेवलेला नाही. मालकाने तिथे मनाई हुकमाचा दावा लावला असेल, तर कलम 85-अ खाली हा मुद्दा तहसीलदारांकडे पाठवा अशी मागणी आपल्या वकिलामार्फत करा.

अर्जात सगळे वारस घाला, लग्न झालेल्या बहिणी आणि आत्यासुद्धा. मालकाच्या बाजूचेही सगळे वारस, त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह. एक जरी सुटला तरी पुढे अपिलात प्रकरण पहिल्या पायरीवर परत येतं. आमची एक आत्या सुटली होती, त्यापायी दीड वर्ष गेलं.

वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

7. सुनावणी

नोटीस आली की हजर राहा. 32-ग च्या चौकशीत कूळ गैरहजर राहिलं, किंवा "मला घ्यायची नाही" म्हणालं, तर खरेदी निष्प्रभ झाली असा आदेश होऊ शकतो. मग कलम 32-प खाली जमीन हातची जाते. असा एकतर्फी आदेश झाला असेल, तर तो कळल्यापासून 60 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो.

जबाब द्यायला घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला पुढे करा. वडिलांनी बांध कुठून कुठे, उखळण कधी, खाडीचं पाणी कोणत्या वर्षी शिरलं, खंडाचं भात कोणाच्या बैलगाडीने पोहोचवायचे, हे सगळं न अडखळता सांगितलं. मजूर होते म्हणणाऱ्या पक्षाच्या साक्षीदाराला शेताची चतुःसीमा सांगता आली नाही. जबाब सही करण्याआधी वाचून घ्या. ‘कूळ’च्या जागी ‘मजूर’ असा शब्द पडला असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. लगतच्या शेतकऱ्यांपैकी दोघांचे जबाब नोंदवा. प्रत्येक तारखेला रोजनाम्यात आपली हजेरी लागली का ते स्वतः पाहा.

आदेश विरुद्ध गेला तर 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथेही विरुद्ध गेला तर पुन्हा 60 दिवसांत महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी. त्यापुढे उच्च न्यायालय. आदेश कळला त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा.

8. किंमत, चलन आणि प्रमाणपत्र

किंमत ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही. कायम कुळासाठी ती खंडाच्या सहापट, इतर कुळांसाठी जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे तिच्यावरच्या शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट. बाजारभावाशी तिचा संबंध नाही. आमच्या 32 गुंठ्यांचा आकार 4 रुपये 10 पैसे, म्हणजे जास्तीत जास्त 820 रुपये. त्यात बांध, झाडं, थकलेला खंड असलं काही धरलं तर थोडी भर पडते. रक्कम मोठी असेल तर हप्त्यांची सोय कायद्यात आहे.

एवढी कमी रक्कम वडिलांना खटकली होती, "फुकट घेतल्यासारखं वाटतं" म्हणाले. मला तसं वाटत नाही. आमच्याच जिल्ह्यात चरी आणि आसपासच्या 25 गावांतल्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं संप केला, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून शेतं ओसाड ठेवली, करवंदं-कांदामुळं खाऊन, मोळ्या विकून दिवस काढले. त्यानंतर 1939 मध्ये मुंबई प्रांतात कुळांसाठी पहिला कायदा झाला. जमिनीची बरीचशी किंमत तेव्हाच चुकती झाली आहे.

रक्कम आदेशात दिलेल्या मुदतीत भरा आणि चलनाच्या तीन प्रती ठेवा. मग कलम 32-म खालचं प्रमाणपत्र मागा. ते आपोआप घरी येत नाही. आदेश झाला, पैसे भरले, आणि प्रमाणपत्र घ्यायचंच राहिलं अशी माणसं मला दर तारखेला भेटत. खरेदीचा निर्णायक पुरावा हे प्रमाणपत्र आहे, चलन नव्हे. त्यावरचा गट नंबर, क्षेत्र आणि सगळ्या वारसांची नावं जागेवरच तपासा. नंतर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या.

9. शेवटचा फेरफार, आणि कलम 43 चा शेरा

प्रमाणपत्राची प्रत जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की मालकाचं नाव कमी होऊन तुमची नावं भोगवटादार सदरी येतात, आणि इतर हक्कात कलम 43 च्या बंधनाचा शेरा पडतो. तो पाहून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की जमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा गहाण टाकायची तर बंधनं आहेत. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर विक्रीसाठी पूर्वपरवानगी लागत नाही. आकाराच्या 40 पट नजराणा भरायचा, आमच्या जमिनीला तो 164 रुपये होईल. घेणारा शेतकरी हवा, त्याची जमीन कायद्यातल्या कमाल मर्यादेच्या आत हवी आणि तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे करायला असलेली बंदी) मोडता कामा नये. याच कामासाठी एका दलालाने आमच्या शेजाऱ्याकडे चाळीस हजार मागितले होते.

नवा सातबारा हातात आला की भोगवटादार सदरी प्रत्येक नाव आणि क्षेत्राचा आकडा प्रमाणपत्राशी ताडून पाहा. आमच्या पहिल्या उताऱ्यावर 32 गुंठ्यांचे 23 झाले होते. कलम 155 चा अर्ज पुन्हा एकदा करावा लागला, या वेळी मात्र तो सहा आठवड्यांत निकाली निघाला.